‘डी’मध्ये आहे ना, मग काळजी कशाला?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला होता आणि इंदूरहून मामेभावाचा फोन आला. “ताई, कॉम्प्युटर चालू होत नाहीये. आतून टक्‌टक् आवाज येतोय. पण तू काळजी करू नकोस, आजीचं रेकॉर्डिंग ‘डी’मध्ये आहे.”

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

कसलं रेकॉर्डिंग ते सांगते. २००९ साली आम्ही भावंडांनी आजीला समोर बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या एका छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. साधारण ४० मिनिटं. मध्येच ती थांबून “दूध उतू जातंय का बघ गं” असं मामीला सांगते, तेही त्यात होतं. पुढे तीन वर्षांनी आजी गेली. रेकॉर्डर बिघडला. मामाकडचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, पण त्याआधी भावाने त्यातलं सगळं नव्या कॉम्प्युटरच्या ‘डी ड्राइव्ह’मध्ये आठवणीने उतरवून घेतलं. आणि मी? दर महिन्याला या पानावर तुम्हाला कॉम्प्युटरच्या चार गोष्टी सांगणारी मी, बडोद्यात बसून त्याची एक प्रत कधी मागून घेतली नाही. तिकडे आहे ना, म्हणून.

तर यावेळी बॅकअपबद्दल. विषय जुना आहे, पण ‘डी’वरचा हा विश्वास मला इतक्या घरांत भेटला आहे की त्याची मुळं आधी उकरायला हवीत.

कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. म्हणून आतल्या हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आलं. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, तसे जोडणी करून देणारे दुकानदार एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडून द्यायला लागले. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये आपलं सामान, ‘ई’मध्ये गाणी आणि सिनेमे. या भागांनाच पार्टिशन म्हणतात. विंडोज बिघडलं की दुकानदार ‘सी’ पुसून नवं विंडोज टाकायचा आणि ‘डी’ला हात लावायचा नाही. दोन-तीनदा असं झालं की घरात समज पक्का होतो: ‘सी’ बेभरवशाची, ‘डी’ सुरक्षित.

समज चूक नाही, अर्धा आहे. आपल्या मिसळणाच्या डब्याचं घ्या. हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी, जिऱ्याची वेगळी. हळदीत पाण्याचा थेंब पडला तर मोहरीचं काही बिघडत नाही. पण डबाच हातातून सुटला तर? ‘सी’ आणि ‘डी’ या एकाच डब्यातल्या वाट्या आहेत. व्हायरसने विंडोज बिघडवलं, अपडेट अर्धवट झालं, चुकून ‘सी’ फॉरमॅट झाली, तर ‘डी’ वाचते. डिस्कच गेली तर दोन्ही एकाच क्षणी जातात. लॅपटॉप रिक्षात विसरला तरी तेच.

भावाची डिस्क फिरत्या तबकड्यांची होती. अशा डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई अगदी सूक्ष्म अंतर राखून, न टेकता फिरते. टक्‌टक् आवाज येतो तेव्हा बहुधा त्या सुईला आपली जागा सापडत नसते. अशा वेळी करायची गोष्ट एकच: वीज बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. भावाने तीन दिवस बघितलं. कधी थोडं थांबून, कधी दुसऱ्या केबलने, एकदा तर कुणाच्या तरी सांगण्यावरून डिस्क फ्रिजमध्ये ठेवून. डेटा काढून देणाऱ्या माणसाने ती उघडली तेव्हा तबकडीवर गोल ओरखडे पडलेले होते. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी आणली असती तर सांगता आलं असतं.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकड्या नसतात, एसएसडी असते. ती पडण्याधडपण्याला बरी. पण ती जाताना पुष्कळदा टक्‌टकही करत नाही. काल चालू होती, आज नाही, इतकंच. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणं जुन्या डिस्कपेक्षा बरंच अवघड असतं, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करून ठेवते.

मग पार्टिशन करूच नये का? जरूर करावं, फक्त त्याला बॅकअप म्हणू नये. घर लावण्याची ती चांगली सवय आहे: विंडोज एकीकडे, आपली कागदपत्रं दुसरीकडे. विंडोजची कळ आणि ‘एक्स’ एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, ‘सी’वर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा, मोकळ्या झालेल्या जागेवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा, झाली ‘डी’ तयार. तिथेच ‘ईएफआय’ आणि ‘रिकव्हरी’ नावाचे लहान तुकडे दिसतील. ते अडगळ वाटले तरी त्यांना हात लावू नका, कॉम्प्युटर सुरू व्हायला आणि बिघडला तर सावरायला ते लागतात. आणि हे सगळं करण्याआधी फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा. भाग पाडताना वीज गेली तर काय होईल, याचा प्रयोग आपल्या घरी नको.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत निसटते. डेस्कटॉप ‘सी’वर असतो. आपण समोर दिसावं म्हणून महत्त्वाच्या फाइली डेस्कटॉपवर टाकतो, म्हणजे नेमक्या त्या वाटीत, जी दुकानदार पहिल्यांदा धुतो. डाउनलोड आणि डॉक्युमेंट्सही तिथेच. डॉक्युमेंट्स फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’मध्ये गेलात तर तो ‘डी’वर हलवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आता खऱ्या बॅकअपकडे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला एक नियम जगभर चालतो: तीन-दोन-एक. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिल्या दोन अंकांपर्यंत बरेच जण पोहोचतात. गाडी अडते ती ‘एक’वर.

इथे मला ‘टॉय स्टोरी २’ची हकीकत नेहमी आठवते. घरातल्या मुलांना वुडी आणि बझ माहीत असतीलच. १९९८ साली पिक्सार कंपनीत हा सिनेमा तयार होत असताना कुणीतरी चुकून फाइली पुसण्याची आज्ञा मुख्य साठ्यावर चालवली. पात्रं, देखावे, सगळं एकेक करून नाहीसं होऊ लागलं. थांबवेपर्यंत सुमारे ९० टक्के काम गेलं होतं. बॅकअप होता. पण तो काढायला गेले तेव्हा कळलं की तो नीट चालतच नव्हता आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग गॅलिन ससमन यांना आठवलं. या तांत्रिक दिग्दर्शिका, नुकत्याच बाळंत झालेल्या, म्हणून घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत वेळोवेळी येत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, जपून ऑफिसात आणला गेला. आणि सिनेमा परत मिळाला. (पुढे कथा पसंत न पडल्याने त्यांनी त्यातलं बहुतेक पुन्हा नव्याने केलं, ही गंमत वेगळी. पण ते त्यांनी स्वतः ठरवून टाकलं, गमावलं नाही.)

बाळंतिणीच्या घरातला कॉम्प्युटर, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. तो दुसऱ्या इमारतीत होता.

दुसरी इमारत का, हे आम्हा बडोदेकरांना विश्वामित्रीने शिकवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून नदी ३५ फुटांच्या वर गेली. नदीपासून जवळच्या एका सोसायटीत ओळखीच्या काकू तळमजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, अतिशय नेटक्या. काका गेल्यानंतर त्यांनी सगळे जुने फोटो स्कॅन करून घेतले होते आणि दर महिन्याला न चुकता बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढत होत्या. माझ्यापेक्षा शिस्तीच्या. पण कॉम्प्युटर टेबलाखाली आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात. रात्रीतून पाणी कमरेपर्यंत चढलं. प्रती दोन होत्या, पाणी एकच होतं. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. तेव्हाही तळमजल्यांवरची किती कपाटं अशी भिजली असतील. (पाण्यात भिजलेली डिस्क वाळवून जोडून बघू नका, तशीच जाणकाराकडे न्या. काकूंनी मला विचारून तेवढं पाळलं आणि त्यांचे बरेचसे फोटो परत मिळाले. खर्च मात्र नव्या लॅपटॉपएवढा आला.)

घराबाहेरच्या प्रतीला फार काही लागत नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक घरी, एक नातेवाइकांकडे, आणि भेटीगाठीला अदलाबदल. आपली माणसं गावोगाव पसरलेली आहेत, याचा एवढा तरी उपयोग व्हावा! दुसरं शहर सगळ्यात उत्तम. ते नसेल तर निदान दुसरी इमारत, वरचा मजला. डिस्क दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून तिला कुलूप घाला. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं, नसेल तर व्हेराक्रिप्ट हा मोफत प्रोग्रॅम चालतो. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. कुलूप लावलेल्या डिस्कचा पासवर्ड हरवला तर ती मेलेल्या डिस्कइतकीच मुकी असते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे कुलूप विंडोज आपणहून घालतं. त्याची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आजच उतरवून घ्या, लॅपटॉपने निळ्या पडद्यावर मागण्याआधी.

प्रत कशी काढायची? हाताने कॉपी केलीत तरी चालेल, पण माणूस कंटाळतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फाइल हिस्ट्री’ आहे. बाहेरची डिस्क जोडली की ती बदललेल्या फाइली आपोआप घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. ती डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारखी नेहमीची फोल्डरं घेते. तुम्ही ‘डी’वर स्वतः केलेलं ‘घरचे फोटो’ तिला दिसत नाही, ते लायब्ररीत जोडावं लागतं. अख्ख्या विंडोजची प्रतिमाही काढता येते. त्यासाठी बाहेरच्या डिस्कवरही दोन पार्टिशन करा, एक प्रतिमेसाठी, एक फाइलींसाठी. ही पार्टिशनची खरी कामाची जागा. पण माझं मत विचाराल तर घरच्या वापरात प्रतिमेच्या मागे लागू नका. विंडोज पुन्हा टाकता येतं. आजी पुन्हा गात नाही.

प्रत काढून झाली की डिस्क सोडवून ठेवा. सतत जोडलेली डिस्क व्हायरसलाही सापडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. असा व्हायरस कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं दिसेल त्यावर हात टाकतो, त्यात बॅकअपची डिस्कही आली.

आणि एक घोटाळा, जो हुशार माणसंही करतात. फोन भरला, फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले, फोनमधून पुसले आणि म्हणाले, बॅकअप झाला. नाही झाला. मूळ पुसलं त्या क्षणी ती प्रत राहिली नाही, तीच मूळ झाली. पुन्हा एकच. आमच्या इंदूरच्या ‘डी’चं नेमकं हेच झालं होतं.

“एवढा खटाटोप कशाला, सगळं गूगलवर आहे की!” असं पुतण्या म्हणतो. क्लाउडला माझा विरोध नाही, घराबाहेरच्या प्रतीची ती चांगली सोय आहे. पण तीन गोष्टी बघून घ्या. गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि ती मेल, फोटो, ड्राइव्ह या तिघांत मिळून. २०२१च्या जूनपासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. दुसरं, फोन आणि क्लाउड जोडलेले असतात. फोनमध्ये गूगल फोटोज उघडून तिथून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग संपलं. आरशातल्या प्रतिबिंबाला प्रत म्हणता येत नाही. तिसरं, दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं. घरातल्या वडीलधाऱ्यांची खाती अशीच पडून असतात. गूगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये वारसासारखं एखादं नाव देऊन ठेवता येतं, ते द्या.

हिशेबही करून बघा. तुमच्या इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग २० मेगाबिट असेल तर तासाला साधारण ९ जीबी चढतं. २०० जीबी फोटोंना २२ तास, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून मी कागदपत्रं आणि मोजके फोटो क्लाउडवर ठेवते, बाकीचं सगळं डिस्कवर.

पिक्सारच्या गोष्टीतला दुसरा काटा विसरू नका: बॅकअप होता, पण कुणी उघडून पाहिला नव्हता. मी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत काढते आणि लगेच त्यातल्या कुठल्याही पाच फाइली उघडून बघते. फोटो दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का. वर्षातून एकदा ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडते. गेल्या वेळी त्यात एक अख्खं फोल्डर रिकामं निघालं. नाव होतं ‘महत्त्वाचे’.

आजीच्या ओव्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डिस्कवरून काही निघालं नाही. पण २०१८ मध्ये एका लग्नाच्या वेळी मी भावाकडून त्यातला साडेचार मिनिटांचा तुकडा कापून मागवला होता आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. हैदराबादच्या मावसबहिणीने तो जपून ठेवला होता, तोही केवळ तिच्या मुलीला आजीचा आवाज ऐकवायचा म्हणून. तिने तो पाठवला. पहिल्या तीन ओव्या पूर्ण आहेत, चौथी मध्येच तुटते. दुधाचं वाक्य त्यात नाही.

तो तुकडा आता माझ्या लॅपटॉपवर आहे, कपाटातल्या डिस्कवर आहे, क्लाउडवर आहे आणि हैदराबादला आहेच. दिवाळीत मामेभाऊ आला तेव्हा शेवेच्या पुड्यांमधून टॉवेलात गुंडाळलेली त्याची नवी डिस्क निघाली. तिच्यावर त्याने पांढऱ्या चिकटपट्टीने लिहिलं होतं, ‘ताईकडे ठेवायची’. जाताना माझी त्याच टॉवेलात गुंडाळून दिली.